स्प्रिंग कडक केली की ग्रिप वाढते?

ठाणे-नवी मुंबईतल्या गाडीवेड्यांच्या ग्रुपांवर एक सल्ला सध्या जोरात फिरतोय: ‘सस्पेन्शन जेवढं कडक, तेवढी ग्रिप जास्त. रोजची गाडी ट्रॅकवर न्यायची तर कंबर विसरा.’ सोबत तीन कारणंही दिलेली असतात.

पहिलं, गाडी कमी कलली की वजन कमी सरकतं. साफ चूक. वळणात किती भार बाहेरच्या चाकांवर जाणार ते ठरतं गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर आणि वळणाचा जोर यांवर. ११०० किलोची हॅचबॅक, गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटरवर, चाकांत दीड मीटर अंतर, ०.९ जीचं (म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट आडव्या जोराचं) वळण: साधारण ३६० किलो सरकणारच, स्प्रिंग कुठलीही असो. कडकपणा ठरवतो तो फक्त पुढच्या आणि मागच्या चाकांतला वाटा. म्हणून तर वळणात नाक बाहेर काढणाऱ्या फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडीला मागचा अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं कलणं रोखणारी दांडी) जाड केला की ती वळायला लागते. शिवाय स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम उचलली जातात, तिथे हा बार आडवा येत नाही. एका चाकाच्या खड्ड्यात मात्र जाणवतो.

दुसरं, कललेल्या गाडीचा टायर कडेवर चालतो. हे खरं आहे, मॅकफर्सन स्ट्रट प्रकारच्या सस्पेन्शनमध्ये तर फारच. पण त्यावर अलाइनमेंटमध्ये थोडा निगेटिव्ह कॅम्बर (चाकाची वरची कड आत झुकवणं) हा उपाय आहे आणि त्याने खड्डे जास्त लागत नाहीत. टायर आतून लवकर झिजतो, एवढंच.

तिसरं, कंबर मोडते ती ट्रॅकच्या स्प्रिंगमुळे. बहुतेकदा नाही. स्प्रिंग दुप्पट कडक केली तरी गाडी झुलण्याचा वेग सुमारे १.४ पटच होतो, १.३ हर्ट्झचा (सेकंदाला १.३ झोके) १.८. ते सोसवतं. हाडं हलतात ती गाडी खाली बसवल्यावर, कारण मग चाकाला वर जायला जागाच उरत नाही आणि ते बंप स्टॉपवर (चाकाची वरची हालचाल अडवणाऱ्या ठोकळ्यावर) आदळतं. (स्प्रिंगचे वेढे कापून घेणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.) दुसरा गुन्हेगार रिबाउंड, म्हणजे दबलेलं चाक परत खाली येताना शॉक-अॅब्झॉर्बर करतो तो विरोध. तो अति आवळला की एका खड्ड्यातून चाक खाली यायच्या आत दुसरा येतो, गाडी बसतच जाते. तेव्हा टायर रस्त्यावर नीट टेकत नाही, म्हणजे ग्रिपही गेली. पाम बीच रोडवर ‘काही जाणवत नाही’ म्हणणाऱ्यांनी पावसाळ्यात घोडबंदरला गायमुखचा चढ चढून बघावा.

खर्च एकदाच करायचा असेल तर चांगल्या शॉक-अॅब्झॉर्बरवर करा. उंची फार उतरवू नका आणि स्प्रिंग शेवटी बदला.