यीस्टची उस्तवार

बिअर माणूस करतो हा गैरसमज आहे. माणूस गोड पाणी उकळतो आणि भांडी घासतो. बिअर यीस्ट करतं. बव्हेरियातल्या 1516 सालच्या त्या प्रसिद्ध शुद्धतेच्या फर्मानात मात्र जव, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी एवढ्याच तिघांची नावं आहेत. यीस्टचा उल्लेखसुद्धा नाही. त्याचा राग ते पाचशे वर्षं आमच्यासारख्या हौशी मंडळींवर काढतंय, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आम्ही राहतो मिनिआपोलिसजवळ. अमेरिकेतली दारूबंदी 1933 मध्ये उठली, पण घरी बिअर करायला केंद्राची परवानगी मिळायला 1978 साल उजाडलं. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केली तेव्हा कुठे ते जमलं. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला 100 गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर 200. विकायची नाही, एवढीच अट. माझी बायको बिअरला शिवत नाही, पण तिच्यामुळे आपला कोटा दुप्पट झालाय हे मी तिला एकदा मोठ्या कौतुकाने सांगितलं. कौतुक पोचलं नाही.

बरं, साधी एल, म्हणजे घरच्या उबेत आंबणारी बिअर, केली तर यीस्ट थोडक्यात भागतं. मला लॅगर लागते. लॅगर थंडीत आंबते आणि तिला एलच्या जवळजवळ दुप्पट यीस्ट लागतं. पातळ यीस्टची पिशवी पोस्टाने मागवावी, तर जुलैत ती ट्रकमध्ये उकडून येते आणि जानेवारीत दारातच गोठून बसते. आतले जे कोणी वाचले असतील त्यांना खाऊपिऊ घालून त्यांची प्रजा वाढवायची, याला स्टार्टर म्हणतात. थोडक्यात, घागरभर दुधासाठी आधी वाटीभर विरजण लावण्यातला प्रकार. लिटरभर पाण्यात 100 ग्रॅम मॉल्ट पावडर (मोड आणलेल्या जवाच्या अर्काची) घालून उकळायची, गार करायची, यीस्ट सोडायचं आणि पात्र दिवसभर स्टर प्लेटवर, म्हणजे आतलं चुंबकाने ढवळणाऱ्या यंत्रावर, ठेवायचं. सांगायला सोपं आहे.

ही मॉल्ट पावडर म्हणजे एक स्वतंत्र छळ. पात्र असतं शाळेच्या प्रयोगशाळेत असायचं तसं, खाली पसरट आणि वर चिंचोळ्या गळ्याचं. गळ्यावर नरसाळं ठेवून पावडर ओतायला जावं तर खालची वाफ तिला वाटेतच गाठते. नरसाळ्याच्या नळीत चिक्कीसारखा खडा बसतो, चमच्याच्या दांड्याने तो ढोसावा तर दांडाही तिथेच राहतो. उकळणं त्याहून कपटी. पात्र शेगडीवर अगदी शांत दिसतं, एक बुडबुडा नाही. म्हणून विश्वासाने त्यात ढवळायचा स्टर बार टाकावा, की आतलं सगळं गळ्यातून थेट चिमणीच्या पंख्यापर्यंत. काचेच्या शेगडीवर करपलेला मॉल्ट पात्याने खरवडून काढावा लागतो. हे काम रात्री अकरानंतरच निघतं.

स्टर बार म्हणजे औषधाच्या कॅप्सूलएवढी पांढरी चुंबकाची कांडी. खालचं चुंबक फिरलं की ही आत फिरते आणि यीस्टला हवा मिळते. पण पहाटे अडीचला तिचं आणि खालच्या चुंबकाचं बिनसतं. मग ती काचेवर टकटक, टकटक डोकं आपटत बसते. बायको कूस बदलून म्हणते, "ऊठ, तुझं जागं झालंय." मी उठतो.

मागच्या हिवाळ्यात तळघरातल्या बाथरूममध्ये लॅगरचा स्टार्टर लावला आणि ऑफिसला गेलो. लॅगरचं यीस्ट रंगात आलं की हायड्रोजन सल्फाइड सोडतं. शुद्ध मराठीत, सडक्या अंड्याचा वास. बायकोने गॅस गळतोय म्हणून गॅस कंपनीला फोन लावला, आणि ते तिने केलं ते बरोबरच केलं. बाहेर उणे वीस. ती कोट चढवून अंगणात उभी, आणि आत एक दणकट गृहस्थ मीटर घेऊन शेगडी, भट्टी, गीझर हुंगत फिरतायत. मीटर ढिम्म. शेवटी ते बाथरूममध्ये शिरले आणि तिथे त्यांना फेस ओकत गरगर फिरणारं, फॉइलची टोपी घातलेलं पात्र सापडलं. ते काही बोलले नाहीत. जाताना एक पत्रक देऊन गेले. त्यावरचा ठिपका नखाने खरवडला की गळणाऱ्या गॅसचा वास कसा येतो ते कळतं. संध्याकाळी बायकोने मला उभं करून एकदा पत्रक आणि एकदा पात्र, असे आळीपाळीने हुंगायला लावले. "फरक सांग," म्हणाली. फरक होता. पात्राचा वास जास्त उग्र होता.

त्यानंतर उन्हाळ्यात सासू-सासरे आले. सासरे महाराष्ट्राच्या उत्पादन शुल्क खात्यातून निवृत्त झालेले. उभी हयात ओढ्याकाठच्या हातभट्ट्या फोडण्यात गेली. 1949 चा दारूबंदी कायदा तोंडपाठ. तळघरात उतरून त्यांनी माझ्या फर्मेंटरचं, म्हणजे बिअर आंबते त्या पिंपाचं, झाकण उचललं, एकदाच नाक खाली नेलं आणि म्हणाले, "रसायन." हातभट्टीसाठी आंबवत ठेवलेल्या मालाला त्यांच्या खात्यात हेच नाव.

"बाबा, इथे कायदेशीर आहे," मी म्हणालो.

"आमच्याकडे कलम 65," ते म्हणाले. "रसायन जागेवरच नष्ट करायचं आणि पंचनामा करायचा."

मी 1978 चा कायदा समजावला. त्यांनी मोठ्या रसाने ऐकून घेतला आणि 200 गॅलन म्हणजे किती लिटर ते विचारलं. 757 हा आकडा ऐकून म्हणाले, "यात तर दोन गावं चालतील."

खरा घात दुसऱ्याच बाजूने झाला. तयार स्टार्टर मी दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवला होता. थंडीने यीस्ट तळाशी बसतं. मग वरचं पाणी फेकून द्यायचं आणि तळाचा दाट साका तेवढा बिअरमध्ये घालायचा. शनिवारी 19 लिटर वॉर्ट, म्हणजे बिअरचं ते गोड पाणी, उकळून, गार करून मी फ्रिज उघडला, तर पात्र ओट्यावर लख्ख घासून पालथं घातलेलं.

"त्यातलं वरचं निवळ मी बाटलीत काढून ठेवलंय हो," सासूबाई म्हणाल्या. "खाली बोटभर गाळ साचला होता, तो टाकला. आणि आत कसलीशी पांढरी गोळी पडली होती, तीही टाकली. कुणाच्या पोटात गेली असती म्हणजे!"

यावर काय बोलणार? त्यांनी गाळ टाकला आणि निवळ राखलं. स्वयंपाकघरात शहाणी बाई हेच करते.

शेवटी कपाटातल्या सुक्या यीस्टच्या पुड्या फोडल्या आणि वरून भुरभुरवल्या. सुक्या यीस्टला स्टार्टर लागत नाही; लावूच नये असं जाणकार सांगतात. ना स्टर प्लेट, ना रात्रीचं टकटक, ना गॅसवाले. बिअर अशी नितळ उतरली की मला त्या पुडीचा रागच आला. सासऱ्यांचा नोकरीतला नियम होता, जप्तीचा माल चाखायचा नाही. हा माल अजून जप्त झालेला नाही, हा माझा मुद्दा त्यांनी थोडा विचार करून मान्य केला. मग दुसऱ्या ग्लासालाही तोच मुद्दा लागू केला.

मी अर्थात नवा स्टर बार मागवून पुन्हा स्टार्टर लावलाच. सकाळी फ्रिज उघडला तर पात्राच्या गळ्याला सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला. वर सासऱ्यांचं वळणदार सरकारी अक्षर: "मुद्देमाल. उग्र वासाचा तपकिरी द्रव, अंदाजे दीड लिटर, गाळासह. हात लावू नये." आणि खाली, पंच म्हणून, सासूबाईंची सही.