“रेग्युलर नाही ना?”

मान्यताप्राप्त संस्थेची मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाईल, हे यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्येच स्पष्ट केलं. ती जुनी बातमी गेल्या आठवड्यात कुणीतरी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर पुन्हा फिरवली. पुण्यातल्या माझ्या आतेभावाने, म्हणजे दादाने, खाली लिहिलं, “वाटा आता घरबसल्या डिग्र्या. कॉलेजची पायरी चढल्याशिवाय शिक्षण होतं होय?” लगेच पंधरा-वीस अंगठे पडले.

त्याच गटावर माझी सिन्नरची मावसबहीणही आहे. ती काही बोलली नाही. तिची शाळा नववीत सुटली, लग्न झालं, आणि मुलं मोठी झाल्यावर तिने मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारीचा अभ्यासक्रम केला, मग बी.ए. रविवारी एसटीने अभ्यासकेंद्रावर जायचं, तिथल्या शिक्षकांना, म्हणजे संमंत्रकांना, आठवडाभर साठलेल्या शंका विचारायच्या, आणि घरचं सगळं आवरलं की रात्री पुस्तक उघडायचं. कांद्याच्या काढणीत परीक्षा आली तरी तिने पेपर चुकवला नाही. पुढे एका संस्थेत नोकरीसाठी गेली तेव्हा समोरच्या माणसाने गुणपत्रिका नीट पाहिलीसुद्धा नाही. “रेग्युलर नाही ना?” एवढंच विचारलं आणि कागद परत दिले. दादाचं ते वाक्य वाचून मला तोच माणूस आठवला.

मी ग्लासगोत राहते. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारी बाई एनएचएस या इथल्या सरकारी आरोग्यसेवेत सपोर्ट वर्कर आहे आणि ओपन युनिव्हर्सिटी या ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठातून नर्सिंग करते. नाइट शिफ्टहून आली की ट्यूटरकडे तपासायला पाठवायचे स्वाध्याय लिहायला बसते. वॉर्डातलं प्रत्यक्ष काम, त्यावर देखरेख करणारी अनुभवी नर्स आणि ऑनलाइन अभ्यास असं मिळून ते शिक्षण चालतं. तिच्या पदवीला इथे कुणी दुय्यम म्हणत नाही. आपल्याकडे वैद्यकीय, अभियांत्रिकी, नर्सिंग हे सगळं ऑनलाइन आणि दूरस्थ शिक्षणातून वगळलेलं आहे. डॉक्टरकीचं मला पटतं. पण आधीच दवाखान्यात काम करणाऱ्या बाईला तिथलाच अनुभव धरून पुढे शिकता यावं, एवढी वाट काढणं आपल्याला का जमू नये?

ही प्रतिष्ठा ओपन युनिव्हर्सिटीलाही आयती मिळालेली नाही. मजूर पक्षाचे नेते, पुढे पंतप्रधान झालेले हॅरल्ड विल्सन यांनी रेडिओ-टीव्हीवरून शिकवणाऱ्या ‘हवेतल्या विद्यापीठा’ची कल्पना मांडली ती १९६३ मध्ये, याच ग्लासगोच्या भाषणात. जेनी ली या मंत्रीणबाईंनी ती नेटाने पुढे रेटली. इयन मॅक्लाउड या हुजूर पक्षाच्या बड्या नेत्याने या कल्पनेची बाष्कळ बडबड म्हणून संभावना केली होती. विद्यापीठाला सनद मिळाली १९६९ मध्ये आणि १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी शिकू लागले. प्रवेशाला आधीच्या परीक्षांची अट नव्हती. बीबीसीवरचे त्यांचे पाठ २००६ पर्यंत चालले. टीका थांबली ती शिकून बाहेर पडलेल्यांचं काम दिसू लागल्यावर. स्कॉटलंडमध्ये वर्षाला २५,००० पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्याला अर्धवेळ शिक्षणाच्या फीसाठी अनुदान मिळतं. इंग्लंडने २०१२ मध्ये फी भरमसाट वाढवली आणि तिथे अर्धवेळ शिकणारे झपाट्याने कमी झाले.

आणि आपल्याकडे काय कमी होतं? नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं. राम ताकवले आधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांनी या नव्या विद्यापीठाचं पहिलं कुलगुरुपद स्वीकारलं आणि ते घडवलं. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. एकट्याने वाचून समजावी अशी पुस्तकं मराठीत लिहिली गेली, गावोगावच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रं उभी राहिली. एवढं घरचं असताना आपण त्याच्या पदवीकडे नाक मुरडून बघतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दादाचा पुढचा मुद्दा ठरलेला होता. “करोनात पाहिलं की तुमचं ऑनलाइन!” पाहिलं ना, मीही इथून पाहिलं. सिंधुदुर्गात मुली नेटवर्कसाठी डोंगरावर जाऊन बसत होत्या. घरी स्मार्टफोन असलेल्या मुलांचं प्रमाण ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं, ते २०२१ मध्ये ६७.६ टक्क्यांवर गेलं. पण घरात फोन असला म्हणून तो मुलाच्या हातात येतोच असं नाही. बाप फोन घेऊन कामावर गेला की शाळा संपली. तेव्हा वर्गातलं व्याख्यान जसंच्या तसं कॅमेऱ्यापुढे आणून ठेवलं होतं. ती आणीबाणी होती. दूर बसून शिकणाऱ्यासाठी मुद्दाम रचलेलं शिक्षण निराळं असतं, आणि लहान मुलांना तर शाळाच हवी. २०२१ च्या जानेवारीत इथल्या शाळा पुन्हा बंद झाल्या तेव्हा सरकारने लॅपटॉप वाटले, तरी माझा मुलगा महिनाभरात कोमेजून गेला होता. त्याच्या वयाच्या मुलांसाठी मी ऑनलाइनची बाजू कधीच घेणार नाही.

मोठ्यांसाठी मात्र नक्की घेईन, तीही एका अटीवर. पलीकडे माणूस हवा. नुसते व्हिडिओ टाकून दिले की बहुतेक जण अर्ध्यावर सोडतात, हे जगभरच्या मोफत अभ्यासक्रमांत दिसून आलेलं आहे. माझी शेजारीण टिकली ती तिच्या ट्यूटरमुळे. तो तिच्या प्रत्येक निबंधावर पानभर लिहून पाठवतो. सिन्नरची बहीण टिकली ती रविवारच्या मॅडममुळे. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये डेटा सायन्सचा ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केला. त्याला जेईई लागत नाही, पण आधी पात्रता परीक्षेतून जावं लागतं आणि मुख्य परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. याला घरबसल्या वाटप कोण म्हणेल? उद्या शंकांची उत्तरं यंत्र देईल, देऊ दे. पण दोन आठवडे निबंध आला नाही म्हणून काळजीने फोन करणारं कुणीतरी असलंच पाहिजे. त्याच्या मानधनात काटकसर करून ॲपवर पैसा ओतणारं विद्यापीठ, इथलं असो की तिथलं, विद्यार्थ्यांना फसवतं.

हे सगळं मी गटावर लिहिलं. दादाचं उत्तर आलं, “तुला तिकडे बसून बोलायला काय जातं? इथे येऊन बघ.” हे ऐकण्याची सवय आहे, तरी दर वेळी लागतं. कारण माझं घराशी जे काही उरलं आहे ते पडद्यावरूनच चाललेलं आहे. आईच्या आजारपणात डॉक्टरांशी बोलले ते फोनवरून. गौरींची पूजा पाहते ती फोनवरून, वहिनी कॅमेरा फिरवून फराळाचं ताट दाखवते. माझा मुलगा मराठी वाचायला शिकला तो सांगलीच्या एका बाईंकडून, शनिवारी सकाळी, लॅपटॉपसमोर बसून. त्यांना तो अजून प्रत्यक्ष भेटलेला नाही, पण ‘ळ’ म्हणायला त्यांनीच शिकवलं. समोर बसून झालं तेवढंच खरं असेल, तर त्याचं मराठीही खोटं आणि त्या घरातली मीही. दादाच्या मनात असं काही नसणार, हे मला कळतं. तरी त्याचं वाक्य वाचताना माझ्याही नावापुढे कुणीतरी ‘रेग्युलर नाही’ असा कंस टाकतंय असं वाटत राहतं.

मावसबहिणीने रात्री मला वेगळा मेसेज केला. एम.ए.चा फॉर्म भरायचा आहे, मराठी घेऊ की समाजशास्त्र, असं विचारत होती. मी तिला विषय सुचवला नाही. आधी केंद्रावर जाऊन तीन गोष्टी विचारून ये म्हणाले: त्या विषयाला शिकवायला कोण आहे, त्यांच्याकडे किती विद्यार्थी आहेत, आणि स्वाध्याय तपासून शेऱ्यासकट परत मिळतात का. उत्तरं चांगली मिळाली तर समाजशास्त्र घेईन म्हणाली, कारण गावातल्या बचत गटांवर तिला काहीतरी लिहायचं आहे.