दगडच तर आहेत!

परवा पुण्याहून आलेल्या मावसभावाला जुनापाणीची प्राचीन दगडी वर्तुळं दाखवायला नेलं. नागपूरहून काटोल रोडला लागलं की फार लांब नाही. गाडीतून उतरला, कमरेवर हात ठेवून पाच मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, "दादा, हे दगडच आहेत. बाकी काय आहे इथं?"

त्याला काय बोलणार? मित्राच्या संत्र्याच्या बगीच्यात जाताना मी स्वतः या रस्त्यानं कितीदा गेलो असेन. एकदाही थांबलो नव्हतो.

ही सगळी दफनं आहेत. काळ्या दगडांचं गोल कडं, आत माती-गोट्यांची भर आणि खाली माणूस. अशी तीनेकशे वर्तुळं एकट्या जुनापाणीत, साधारण अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची. रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1879 साली त्यांच्यावर लिहिलं. आपण अजून "दगडच तर आहेत" म्हणतोय.

भावाला एका दगडापाशी बसवलं. त्यावर ओळीनं खळगे आहेत, बोटाचं पेर मावेल एवढे. "घाल बोट," म्हटलं. घातलं, आणि गडी गप्प. या खुणांचा ताऱ्यांशी संबंध असावा असं काही अभ्यासक मांडतात. असेलही. मला मात्र माहूरझरीचा घोडा जास्त भिडतो. तेही इथून जवळच. 1970 च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ शां. भा. देवांनी तिथं उत्खनन केलं, तेव्हा दफनात घोड्याची हाडं निघाली आणि त्याच्या तोंडावर चढवायचा तांब्याच्या पत्र्याचा साजही. पोळ्याला आपण बैल सजवतो, यांनी घोडा सजवून मातीत ठेवला.

जुनापाणीला निदान सरकारी संरक्षण आहे. विदर्भात शेताशिवारांत अशी कितीतरी वर्तुळं आहेत. तिथले दगड बांधाला जातात, भर सपाट होते, वर प्लॉट पडतात. पडक्या देवळाचा चिरा हलवायचा तर आपण दहादा विचार करतो. इथं ट्रॅक्टर लावताना कुणाचा हात अडत नाही, कारण मूर्ती नाही की कळस नाही. अरे, पण कुणाचा तरी बाप, कुणाची तरी माय आहे ना खाली!

निघताना भाऊ खिशात काहीतरी घालताना दिसला. भरीतला एक गोटा, आठवण म्हणून. "ठेव परत," म्हटलं. मुकाट्यानं मागे वळला, पण कोणत्या वर्तुळातून उचलला होता तेच त्याला आठवेना.