दापोलीला जाताय, तर आधी विद्यापीठ पाहा

पुण्या-मुंबईहून दापोलीला येणाऱ्या बहुतेक गाड्या गावात फार तर चहापुरत्या थांबतात आणि मुरूड, कर्दे किंवा हर्णैच्या रस्त्याला लागतात. समुद्राला माझी हरकत नाही. पण ज्या संस्थेमुळे हे तालुक्याचे लहानसे गाव राज्यातल्या शेती शिकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, ती डावलून पुढे जाणे मला पटत नाही. यंदाच्या पावसाळ्यात मी म्हणूनच डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या परिसरात निवांत हिंडलो. कृषी, उद्यानविद्या, वनशास्त्र आणि कृषी अभियांत्रिकी ही महाविद्यालये इथेच आहेत. मत्स्य महाविद्यालय तेवढे रत्नागिरीजवळ शिरगावला.

1972 साली हे विद्यापीठ मोठ्या शहरात न काढता इथे काढले, हे योग्यच झाले. आंब्याची नवी जात तयार करायची तर संकर केल्यावर कोय रुजवा, झाड वाढवा, फळ धरेपर्यंत थांबा आणि मग वर्षानुवर्षे नोंदी ठेवा, असा तो व्यवहार असतो, आणि तोही जांभ्याच्या जमिनीत आणि कोकणच्या पावसातच करावा लागतो. हापूस एक वर्षाआड धरतो आणि त्यात साका होतो, म्हणजे बाहेरून चांगल्या दिसणाऱ्या फळाचा गर आतून खराब निघतो, ही बागायतदारांची जुनी डोकेदुखी. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून विद्यापीठाने 1981 मध्ये ‘रत्ना’ दिला, त्यात साका नाही. पुढे रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून 1992 मध्ये ‘सिंधू’ आला, ज्याची कोय अगदी पातळ असते. बाजारात मात्र गिऱ्हाईक अजून हापूसच मागते, आणि खरे सांगायचे तर मीही मागतो.

पावसाळ्यात गेलात तर कोय कलम बांधताना अवश्य पाहा. नुकत्याच रुजलेल्या, पाने अजून तांबूस असलेल्या रोपाचा शेंडा छाटून देठाला मधोमध उभी चीर देतात, डोळकाडीला, म्हणजे हव्या त्या जातीच्या झाडावरून घेतलेल्या काडीला, पाचरीसारखा आकार देऊन ती चिरेत बसवतात आणि प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळतात. सरावलेल्या हाताला याला फारच थोडा वेळ लागतो.

गावाचा विद्यार्थ्यांशी संबंध खोल्यांपुरता, खानावळीपुरता आणि झेरॉक्सपुरता राहिलेला दिसतो, याची मात्र खंत वाटते. हे गाव शिक्षणाला नवखे नाही. साने गुरुजी इथल्याच मिशनच्या शाळेत शिकले. आज घाटावरून आलेली हुशार मुले चार वर्षे कलमे, भात आणि काजू शिकतात आणि त्यांतली कितीतरी पदवी हाती पडताच स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत जाऊन बसतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण घरी दोन-तीन एकर जिरायत असलेल्या मुलाला पगाराची शाश्वती हवीच असते. पण कोकणातल्या ज्या बागा मालक मुंबईला असल्यामुळे दुसऱ्यांना कराराने दिल्या जातात, त्या सांभाळायला नेमकी हीच मुले हवी आहेत, आणि त्यांना परवडेल असा मोबदला देण्याची तयारी आधी आपण बागमालकांनी दाखवायला हवी.