गोळ्यातून सरबत झिरपतं, म्हणून ध्रुवावरची जुनी हवा खोटी ठरत नाही

नागपूरच्या ग्रुपांवर एक व्हिडिओ खूप फिरतोय. बर्फाच्या गोळ्यावर सरबत ओतलं की ते तळापर्यंत उतरतं. ध्रुवावरचा दाबलेला बर्फही असाच, मग त्यात हजारो वर्षांपूर्वीची हवा टिकेलच कशी, असा त्यातला सवाल आहे.

गोळ्याचं निरीक्षण बरोबर आहे. ध्रुवावरही वरच्या थराची घनता घनमीटरला साधारण ३५० किलो असते, म्हणजे ६२ टक्के पोकळी, आणि तिथे हवा खेळतीच असते. पण वरून बर्फ साचत जातो, खालचे कण एकमेकांना चिकटतात, आणि ५० ते १२० मीटर खोलीवर घनता ८३० च्या आसपास पोचली की उरलेल्या दहाएक टक्के पोकळीच्या वाटा बुजतात. हवा कोंडली जाते ती तिथे.

व्हिडिओ म्हणतो: ‘वितळवून पाणी मोजा, पोकळी निघतेच, म्हणजे वाटा उघड्या.’ मुख्य घोळ इथे आहे. वजनातून फक्त एकूण पोकळी कळते, उघडी किती आणि बंद किती हे कळत नाही. त्यासाठी वायूच लागतो. ५ सेंटिमीटर व्यासाचा आणि तेवढ्याच उंचीचा तुकडा घ्या: घनमान ९८.२ घनसेंटिमीटर, वजन ८१.५ ग्रॅम. उणे २० अंशांना शुद्ध बर्फाची घनता घनसेंटिमीटरला ०.९१९ ग्रॅम असते, म्हणून बर्फ ८८.७ आणि पोकळी ९.५ घनसेंटिमीटर. आता तुकडा बंद डब्यात ठेवून कोरडा नायट्रोजन भरा, दाब नोंदवा, मग झडप उघडून तो माहीत असलेल्या घनमानाच्या रिकाम्या डब्यात पसरू द्या. दाब किती उतरला यावरून वायू कुठवर शिरला ते निघतं. समजा ९४.२ घनसेंटिमीटरमध्ये तो शिरलाच नाही, तर त्यातून बर्फाचे ८८.७ वजा करून ५.५ बंद आणि बाकी ४ उघडी.

व्यास अर्धा मिलिमीटर जास्त मोजला, तर ९.७ टक्के पोकळी सुमारे ११.५ दिसते. तुकडा कापताना कडेचे बुडबुडे फुटतात आणि बंद पोकळी कमी भरते. लहान तुकड्यात ही चूक मोठी, म्हणून वेगवेगळ्या आकारांचे तुकडे मोजावे लागतात. हेलियम वापरू नका, तो बर्फातूनही शिरतो. नागपुरात मे महिन्यात एक डबा फ्रीझरमध्ये आणि दुसरा ४५ अंशांच्या खोलीत ठेवलात, तर एकाच दाबाला थंड डब्यात तेवढ्याच जागेत चौथाईने जास्त वायू मावतो आणि आकडा कोलमडतो. दोन्ही डबे आणि नळी एकाच तापमानाला हवीत. आपोआप डीफ्रॉस्ट होणारा फ्रीझरही नको. त्यात तुकडा सुकत झिजतो.

व्हिडिओतला आणखी एक दावा: ‘शास्त्रज्ञ बर्फाचं वय तेच हवेचं धरतात.’ मुळीच नाही. वाटा उशिरा बुजतात, म्हणून हवा बर्फापेक्षा तरुण असते, आणि हा फरक मोजून वजा केला जातो: अंटार्क्टिकातल्या लॉ डोमच्या भरपूर हिमवृष्टीच्या जागी तो सुमारे ३० वर्षांचा, तिथल्याच कमी हिमवृष्टीच्या व्होस्टोक या संशोधन केंद्रावर काही हजार वर्षांचा. लॉ डोमच्या बुडबुड्यांतला कार्बन डायऑक्साइड १९५० च्या दशकापासून हवेत थेट मोजलेल्या आकड्यांशी जुळतो. हवा गळत असती तर हा मेळ बसला नसता.