कागद उलटा केला त्यांनी

आज डोकं फिरलंय माझं. शाळेचं नाव टाकणार नाही, कमेंटमध्ये विचारू नका आणि इनबॉक्समध्येही नको, कारण ही काही एकाच शाळेची गोष्ट नाही, भाचीच्या प्रवेशासाठी गेल्या बारा दिवसांतली ही चौथी शाळा. पण आज जे झालं ते लिहिल्याशिवाय मला झोप लागायची नाही.

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे, माझा धाकटा भाऊ २०१३ ला शारजाला गेला. इथं बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) होता, तिथंही मशीनवरच. यंदा कंपनीनं माणसं कमी केली, व्हिसा कॅन्सल, आणि तिकडं व्हिसा गेला की घर गेलं, पोरांची शाळा गेली, सगळं आवरून निघायचं. भावजय आणि दोन्ही पोरं जूनच्या शेवटी आली, भाऊ हिशेब पुरा करून मागनं येतोय. धाकट्याचं पटकन जमलं, १ जूनला सहा पूर्ण होते त्याला, घराजवळच पहिलीत घेतलं. थोरली पाचवीची. त्याच शाळेत पाचवीला जागा नाही, आणि तिथनं आमची वणवण सुरू झाली.

आज हाफ डे टाकला, सकाळपासनं पाऊस नुसता कोसळत होता, रिक्षा करून आम्ही तिघी गेलो. फाईलमध्ये सगळं लावून घेतलेलं. शारजाच्या शाळेचा दाखला, त्यावर तिथल्या शिक्षण खात्याचा शिक्का, मग परराष्ट्र खात्याचा, मग दुबईच्या आपल्या कॉन्सुलेटचा. भावानं ह्या तीन शिक्क्यांसाठी तीन सुट्ट्या आणि बरेच दिरहम घालवलेत. क्लार्कनं दाखला हातात धरून खालनं वर बघितला आणि म्हणाला, सॅट्स नंबर कुठाय? कर्नाटकातल्या शाळेत शिकणाऱ्या प्रत्येक पोराला तो नंबर असतो, कॉम्प्युटरवर सगळं त्यावरच चालतं. अरे पण पोरगी कर्नाटकातल्या शाळेत कधी शिकलीच नाही तर नंबर कुठनं आणू मी? नवीन एन्ट्री करा की. तर म्हणे हेडमॅडमना विचारा.

हेडमॅडम वाईट बाई नाहीत, हे आधीच लिहिते. आवाज गोड, पोरीला जवळ बसवून घेतलं, चॉकलेट दिलं. मग एक कोरा कागद पुढं सरकवला. "कन्नड बर्तदेनु?" म्हणजे कन्नड येतं का. पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं मॅडम, तिकडं कन्नड नव्हतं, इंग्रजी, हिंदी आणि अरबी होतं, घरात मराठी. मॅडम म्हणाल्या असू दे, निदान नाव तरी लिही बाळ कन्नडमध्ये.

पोरगी गप्प. पेन्सिल हातात. मग हळूच विचारते, "अरबीत लिहू?"

आणि लिहिलं की हो तिनं, उजवीकडनं डावीकडं, एका ओळीत, टिंबं वगैरे जिथल्या तिथं, जीभ दाताखाली धरून. इतकं सुंदर अक्षर. मला वाटलं आता मॅडम शाबास म्हणतील. त्यांनी तो कागद उचलला, उलटा केला, टेबलावर ठेवला आणि मला म्हणाल्या, पाचवीला झेपणार नाही हिला, तिसरीत बसवता का, तिथं बघू काही होतं का.

तिसरीत! दहा वर्षांची पोरगी, चार वर्षांचं प्रगतीपुस्तक फाईलमध्ये, गणितात वर्गात वरच्या पाचात, तिला आठ वर्षांच्या पोरांत बसवायचं, का, तर कन्नड येत नाही म्हणून.

आता लगेच कुणी माझ्यावर धावून येऊ नका. मी कन्नडच्या विरोधात एक अक्षर लिहीत नाहीय. आमचं घर शहापुरात तीन पिढ्यांचं, आजी भाजी कन्नडमध्ये आणायची आणि भांडण मराठीत करायची. मला स्वतःला वाचता येतं, लिहिता येतं, ऑफिसात निम्मा दिवस मी कन्नडच बोलते. ह्या पोरीनं कन्नड शिकायलाच पाहिजे, इथं राहायचंय तिला. २०१५ च्या कायद्यानं कन्नड सगळ्याच शाळांना लागू आहे, सीबीएसई असो की आणखी कुठलं बोर्ड, २०१७ पासनं पहिलीपासनं चढत्या वर्गांना आलंय ते, म्हणजे तिच्या वयाची पोरं चार वर्षं शिकून बसलीयत आणि मध्येच आलेल्या पोरीला घेऊन बाईंना त्रास होणार, हेही कबूल. झालं? पण त्रास होतो म्हणून दार लावायचं?

तो कागद मी उचलून आणलाय. मॅडमच्या टेबलावर ठेवून येववलं नाही मला. आत्ता हे टाइप करतेय तेव्हा शेजारीच आहे.

मला सांगा, त्या देशात प्रायव्हेट शाळेत अरबी सक्तीचं आहे, आपल्यासारख्या परक्या पोरांनासुद्धा. ही सहा वर्षांची असताना पहिल्या दिवशी वर्गात गेली तेव्हा तिला अलिफसुद्धा माहीत नव्हतं. तिथं कुणी तिला म्हटलं नाही की आधी येऊ दे मग ये. वेगळ्या तासाला बसवलं, शिकवलं. जिथं आपलं काही नाही, रेशनकार्ड नाही, मत नाही, तिथं पोरगी परकी म्हणून शिकली आणि जिथं तिच्या आज्याचं घर आहे तिथं तिला चार शाळांनी बाहेर उभं केलं! (हां, तिथं फी भरून घ्यायचे, फुकट नव्हतं काही, तेही खरं. पण इथं काय फुकट देणार होते?)

आणि कायदा काय सांगतो? २००९ चा शिक्षण हक्क कायदा, कलम १३. प्रवेशासाठी पोराची किंवा आईबापाची चाळणी परीक्षा घ्यायचीच नाही. पहिल्यांदा घेतली तर २५ हजारांपर्यंत दंड, नंतर प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. कॅपिटेशन, म्हणजे प्रवेशासाठी फीच्या वर देणगी, घेतलं तर घेतलेल्या रकमेच्या दहा पटीपर्यंत. कलम १५ सांगतं, वर्ष सुरू झाल्यावर आलेल्या पोरालाही नाही म्हणायचं नाही. सहा ते चौदा वयाच्या पोरांसाठी आहे हा कायदा, आमची दहाची. हे मी दुसऱ्या शाळेत बोलले तर तिथले सर हसले, म्हणाले आमची अल्पसंख्याक संस्था आहे, आम्हाला लागू नाही. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं तशा शाळा ह्या कायद्याबाहेर ठेवल्या, म्हणजे कागदावर त्यांचं बरोबर आहे. असू दे बरोबर. दहा वर्षांच्या पोरीसमोर हसायची काय गरज होती?

तिसऱ्या शाळेत तर वेगळीच तऱ्हा. पहिलं वाक्य "सीट इल्ल री", जागा नाही हो, आणि पाच मिनिटांनी बाहेरच्या बाकावर एकजण येऊन बसला, बिल्डिंग फंडाचं बोलायला लागला. आकडा ऐकून भावजयीचा चेहरा पडला. वर म्हणतो, दुबईस्नं आलाय म्हणजे काय तुम्हाला. ह्या एका वाक्याचा मला किती राग येतो सांगू शकत नाही. आपल्या गावातली, पाहुण्यांतली माणसंसुद्धा हेच म्हणतात. माझा भाऊ एका खोलीत चौघंजण राहून चार वर्षं काढून मग बायकोला घेऊन गेला. उन्हाळ्यात वर्कशॉपमध्ये कपडे पिळून काढायचा. कसला पैसा धरून बसलाय तो? असला असता तर आला असता का परत असा?

थांबा, पाणी पिऊन आले.

येताना रिक्षात पोरगी खिडकीकडं बघत बसलेली. प्लास्टिकचा पडदा, बाहेर काय दिसत नव्हतंच. आरपीडी क्रॉसला गाडी अडली तेव्हा म्हणाली, "आत्या, मी नापास झाले काय गं?" भावजयीनं तोंड फिरवलं. मी काय बोलले मला आठवतसुद्धा नाही, काहीतरी बोलले.

तिथनं मी रिक्षा वळवायला लावली, मी शिकलेल्या सरकारी मराठी शाळेकडं. पन्नास पावलांवर वर्ग, तीच कौलं, पाचवीत पोरं मोजकीच. बाईंनी फाईल बघितलीही नाही आधी, पोरीला विचारलं जेवलीस का. म्हणाल्या उद्यापासनं बसू दे, कागदाचं मी बीईओ ऑफिसला, तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडं, बोलते, कन्नड मी शिकवते, आमच्याकडं पण शिकवतोच की. इतकं सरळ. आणि भावजय गप्प. तिचंही खरंय, पोरगी पहिलीपासनं इंग्रजी मीडियमला, विज्ञान-गणिताचे मराठी शब्द तिला येत नाहीत, पुन्हा सहा महिन्यांनी भावाला पुण्याला नाहीतर गोव्याला काम लागलं तर आणखी एकदा बदल. मी जोर केला नाही. कुठल्या तोंडानं करू? माझा स्वतःचा मुलगा इंग्रजी शाळेत शिकला. ह्या बाईंच्या वर्गात मोजकी पोरं उरलीत ती आपण सगळ्यांनीच आपली पोरं काढून घेतली म्हणून, आणि ज्या शाळा आपण भरल्या त्या आज आपल्याच पोरीला उभं करून घेत नाहीत. १ नोव्हेंबर, कर्नाटकचा स्थापना दिवस, आला की गावात कन्नड-मराठी दोन्हीकडचे झेंडे निघतात, १९५६ पासनं आपण भाषेवरनं भांडतोय, पोरीला शेजारी घेऊन अक्षर गिरवायला मात्र कुणाला वेळ नाही.

नाही, हे चुकीचं लिहिलं मी. एकीला होता वेळ.

संध्याकाळी शेजारच्या अक्का आल्या, कन्नड शाळेत शिकवून रिटायर झालेल्या. मी सगळं सांगितलं, त्यांनी तो कागद मागितला. पोरीच्या अरबी नावाखाली त्यांनी कन्नडमध्ये नाव लिहिलं, बोट धरून गिरवून घेतलं, मग म्हणाल्या बघ, तुझ्या मराठीचीच वर्णमाला, क ख ग घ त्याच क्रमानं, फक्त ए दोन आणि ओ दोन, एक आखूड एक लांब. पोरगी एकदम ताठ बसली. आखूड कुठला, लांब कुठला, म्हणून दाखवा म्हणाली. वीस मिनिटांत स्वतःचं नाव, मग आईचं, मग माझं, माझ्या नावात थोडं चुकली. वीस मिनिटं! ज्या कागदावर तिला तिसरीत ढकललं त्याच कागदावर. मॅडमनी तो उलटा करायच्या आधी फक्त वीस मिनिटं दिली असती तर.

आता राग जरा उतरलाय पण सोडणार नाही मी. उद्या साडेदहाला बीईओ ऑफिसला जातेय, लेखी अर्ज घेऊन, पोच घेतल्याशिवाय हलणार नाही. पाचवीतच बसेल ती, कुठल्या शाळेत ते तिचे आईबाप भाऊ आल्यावर ठरवतील, तोवर त्या मराठी शाळेतल्या बाईंकडं रोज जाईल असं भावजय आत्ता जेवताना आपणहून म्हणाली.

आणि कुणाच्या घरी पहिली-दुसरीची कन्नडची जुनी पुस्तकं पडून असतील तर रद्दीत घालू नका, मला सांगा. वडगाव, अनगोळ, टिळकवाडी, कुठंही असू दे, पाऊस थांबला की स्कूटरवरनं येऊन नेते. पाटी पण चालेल. गल्फमधनं यंदा परत आलेलं आणखी कुणाचं पोर असंच घरात बसून असेल तर त्यांना सांगा, उद्या माझ्याबरोबर चला, अर्ज मी लिहून देते.