जतच्या पोराला कोण विचारतं?

दादा, कॅन्सरच्या संशोधनात सगळ्या समाजांतली तरुण रुग्णमंडळी सामील हवीत, त्याच्या बैठकांनाही हवीत, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया पुन्हा पुन्हा वाचली. तुम्ही म्हणता, काळ्या-गोऱ्यांचा भेद अमेरिकेचा, तो सांगलीत आणून मी उगाच फूट पाडतोय. आणि केमोनं गळालेल्या पोरांना संशोधनाच्या बैठकांना बसवणं निर्दयपणाचं आहे.

दुसरं मान्य. रक्तातल्या पेशींचा काउंट पडलेल्या पोरानं झोपावं, बैठकीला जाऊ नये. मी बोलत होतो ते उपचार संपवून पुन्हा कामाधंद्याला लागलेल्या विशीतल्या मुलामुलींबद्दल. लेखात तसं स्पष्ट लिहायला हवं होतं.

पहिलं मात्र पटत नाही. एएलएल नावाच्या रक्ताच्या कॅन्सरात मर्कॅप्टोप्युरिनची गोळी महिनोन्‌महिने चालते. काहींना ती सोसत नाही, पांढऱ्या पेशी धडाधड उतरतात. कारण शोधताना बरीच वर्षं टीपीएमटी या जनुकावरच भर होता आणि त्यातले दोष युरोपी वंशात जास्त. आशियाई रुग्णांचा उलगडा त्यानं पुरता होत नव्हता. २०१४ साली कोरियात, आतड्याच्या क्रोन्स आजारासाठी याच जातीची औषधं घेणाऱ्यांत, एनयूडीटी-१५ हे दुसरं जनुक हाती लागलं. त्यातले दोष पूर्व आणि दक्षिण आशियात जास्त, म्हणजे आपल्यातही. अभ्यासात कुणाचं रक्त होतं, यावर आपल्या पोरांचा डोस अडून राहिला होता, दादा. हा प्रश्न परका कसा?

आणि नुसतं रक्त घेतलं म्हणजे सामील केलं असंही नाही. अमेरिकेत टस्कीगीला १९३२ ते १९७२ काळ्या पुरुषांच्या सिफिलिसचा 'अभ्यास' चालला. त्यांना आजार काय ते सांगितलं नाही, पेनिसिलिन आल्यावरही दिलं नाही.

आपल्याकडे काळ्या-गोऱ्याच्या जागी जात आहे, बोली आहे, अंतर आहे. जतच्या पूर्व भागातला एक मुलगा मिरजेला उपचाराला यायचा. घरात कानडी, आईबाप ऊसतोडीला. एका अभ्यासाच्या इंग्रजी कागदावर बापाचा अंगठा घेतला. मुलगा सोळा वर्षांचा. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची तत्त्वं सांगतात, सात ते अठरा वयाच्या मुलाची स्वतःची अनुमती घ्या. त्याला कुणी विचारलंच नाही. स्टँडवर तो मला म्हणाला, "माझं रक्त कशाला नेलं?" मला उत्तर देता आलं नाही, अजून ते टोचतं.

आज तो बरा आहे, बोलायला तयार आहे. पण संशोधनाची बैठक पुण्यात, इंग्रजीत, कामाच्या दिवशी. त्याचं एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज द्या, कानडी-मराठी सांगणारं माणूस ठेवा, असं मी आयोजकांना लिहिलंय. तुम्हीही लिहा, दादा. एका पत्रापेक्षा दोन बरी.